घटक एकेचाळीस

माझे वडील तीन वर्षांनी पहिल्यांदा बोलले तेव्हा ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यांनी आवाजही काढला नाही. नुसते ओठ हलवले. समोर मी बसले होते, काचेपलीकडे डॉक्टर फडतरे उभे होते, आणि आप्पा सरळ माझ्याकडे बघून ओठांनी म्हणाले, "चार नंबरच्या कांड्या संपल्या. बघत काय बसलीयास?"

डॉक्टरांनी पलीकडे टाळ्या वाजवल्या. मला त्या ऐकू आल्या नाहीत, कारण खोलीत चोवीस माग धडधडत होते. त्यांतला खरा चालणारा एकही नव्हता.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मिरजेच्या पुनर्भान केंद्रात मी खोल्या बांधते. नेमणूकपत्रावर 'संदर्भ-रचनाकार' असं भारदस्त नाव आहे, पण शेजारणीनं विचारलं तर मी खोल्या बांधते एवढंच सांगते. तिला वाटतं मी बिल्डरकडे आहे.

यातलं शास्त्र जुनं आहे. गेल्या शतकात काही पाणबुड्यांना शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या होत्या, काही याद्या पाण्याखाली आणि काही किनाऱ्यावर. पाण्याखाली पाठ केलेले शब्द त्यांना पाण्याखाली जास्त आठवले आणि किनाऱ्यावरचे किनाऱ्यावर. हे आपल्याला न शिकताही माहीत असतं. माणूस हॉलमधून स्वयंपाकघरात जातो आणि कशाला आलो तेच विसरतो. परत हॉलमध्ये जाऊन उभा राहिला की आठवतं. मेंदू आठवण सुटी ठेवत नाही. त्या वेळचा उजेड, वास, पायाखालची फरशी, समोरचा माणूस किती लांब होता, हे सगळं तो एका गाठोड्यात बांधतो. गाठोड्याचं एक टोक हाती आलं की उरलेलं ओढून काढता येतं. बोलणंही त्याच गाठोड्यात असतं, सवयी त्यातच, आणि स्वभावाचा बराच मोठा भागसुद्धा.

नवं होतं ते यंत्र. आमची खोली स्वतः शिकते. भिंतींमधून आवाज येतो, फरशी थरथरते, छतातून वास सोडला जातो, हवा कुठूनही गार किंवा गरम करता येते. रुग्णाच्या डोळ्यांच्या बाहुल्या, घाम, श्वास आणि नाडी खोली क्षणोक्षणी मोजते. ज्या बदलानं माणूस जागा होतो तो बदल ती वाढवते, ज्यानं मावळतो तो कमी करते. मी फक्त सुरुवात मांडून द्यायची, बारकावे खोली शोधून काढते. एका निवृत्त पोस्टमास्तरांना आपल्या मुलांची नावं आठवत नव्हती. वितळलेल्या लाखेचा वास आणि सकाळी अकराचं ऊन नेमकं जमलं, तसे ते उठून उभे राहिले आणि टपालाच्या पिशवीचं तोंड बांधायला लागले. मग मुलांची नावं आली, पत्त्यांसकट.

हे बघितल्यावर माझ्या मनात आप्पा येणार नाहीत तर कोण येणार?

माझे वडील तातोबा बुगड. इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. तीन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, वाचा गेली, आणि वाचेबरोबर ओळखही गेली. मी भरवलं की खायचे, पुसलं की पुसून घ्यायचे. त्यांच्या नजरेत माझ्यात आणि खुर्चीत काही फरक नव्हता.

मला त्यांच्याकडून एक गोष्ट हवी होती. त्यांनी एकदा मला, राजश्रीला, ओळखावं, आणि मग मी त्यांना विचारावं.

काय विचारायचं होतं तेही सांगते. आप्पांनी मला कारखान्यात कधी पाऊल ठेवू दिलं नाही. गल्लीतल्या पोरी सुट्टीत आपापल्या आईबरोबर दुसऱ्या कारखान्यांत कांड्या भरायला जायच्या. कांडी म्हणजे मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची छोटी नळी, आणि त्या भरायचं काम बायकांचं. माझी आईही कांडीवालीच होती. पण मी नुसती दाराशी गेले तरी आप्पा आतून हात उडवायचे, मागं फिर. मी सातवीत असताना आई कांडीमशीनवरच कोसळली. कुणी तरी ओरडत गल्लीत आलं आणि मी धावत सुटले. दारातून आत माणसांचा घोळका दिसत होता, आणि घोळक्याखाली आईचे पाय. आप्पा बाहेर आले, त्यांनी मला दंडाला धरलं आणि रस्त्यापलीकडे नेऊन सोडलं. दवाखान्यात पोचायच्या आधीच आई गेली. पंधराव्या दिवशी आप्पांनी मला मिरजेला मावशीकडे ठेवलं. शीक म्हणाले. मी शिकले. पण त्या दिवसाबद्दल मी त्यांना कधी विचारलं नाही आणि कधी माफही केलं नाही.

तो कारखाना पाडून तिथे गाड्या चार्ज करायचं स्टेशन झालं आहे. धोट्याचे माग भंगारात जाऊनही बरीच वर्षं झाली. आणि मी तर कारखाना आतून पाहिलेलाच नव्हता! शंभर माणसांच्या खोल्या बांधल्या आणि स्वतःच्या बापाची खोली ऐकीव माहितीवर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

माहिती दिली ती हौसाक्कांनी. त्या आईच्या शेजारच्या मशीनवर असायच्या. आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण जीभ शाबूत आहे.

"आत हाक ऐकू येत न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "आन समद्यांच्या तोंडाला फडकी. मग वळकायचं कसं? जागा बगायची. सातव्या मागाला हुबा हाय त्यो सातव्याचा. त्यो आजारी पडला आन दुसरा हुबा ऱ्हायला, तर त्याला बी सातव्याचाच म्हनायचं. कैक डाव त्याला बी तसंच वाटाय लागायचं."

बोलणं ओठांनी आणि हातांनी. प्रत्येकाच्या नावाची खूण असे. आप्पांची खूण म्हणजे मूठ पिळून पाना फिरवल्यासारखं करायचं. आईची खूण म्हणजे नाकपुडीला बोट, कारण तिची चमकी लांबूनही लखलखायची.

"आणि माझी?" मी विचारलं.

"तुला कशाला आसंल? तू कवा आत आलीयास?"

मी ते हसण्यावारी नेलं. खोली बांधली. भंगारवाल्याकडून मागाचा एक सांगाडा आणला, एक जुनं कांडीमशीन आणलं, बाकीचा कारखाना भिंतींनी उभा केला. तेलाचा वास, सरकीच्या पेंडीसारखा खळीचा वास, हवेत तरंगणारी कापसाची पिंज. खरी पिंज फुप्फुसाला वाईट म्हणून आम्ही उजेडाची पिंज सोडली. दिसते तशीच, नाकात मात्र जात नाही.

खोलीत बसायला जागा एकच होती, कांडीमशीनच्या पुढचा पाट. मी तिथे बसले. दुसरीकडे बसणार तरी कुठे?

आणि आप्पा बोलले.

पहिल्या आठवड्यात ते उठून उभे राहिले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मागाचा पट्टा सैल आहे म्हणून तक्रार केली आणि तो घट्ट करून दाखवला. उजवा हात, जो तीन वर्षं मांडीवर मेल्यासारखा पडला होता, त्या हातात पाना होता. ते माझ्याकडे बघून नाकपुडीला बोट लावायचे, म्हणजे मला आईच्या नावानं हाक मारायचे. मी मान वर करायची. पहिल्यांदा मी ठरवून वर केली. नंतर ती आपोआप होऊ लागली.

खोलीबाहेर आणलं की पंधरा पावलांत सगळं विझायचं. व्हीलचेअर, पांघरूण, उघडं तोंड. त्यामुळे मी रोज आत जायला लागले. आधी तासभर, मग दोन तास.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी नवीनच एक खूण केली. डाव्या तळव्यावर उजव्या बोटानं लिहिल्यासारखं केलं आणि ओठांनी विचारलं, "जेवली का?"

मला कळेना. मी भुवया उंचावल्या.

त्यांनी परत तळव्यावर बोट फिरवलं. "आज पेपर हाय न्हवं तिचा. गणिताचा."

मी होते ती. लिहिणारी. मला खूण होती! जिथे मला पाय ठेवायची बंदी होती तिथे ते रोज माझ्याबद्दल बोलत होते, आईशी, आवाज न करता, आणि शेजारच्या हौसाक्कांनासुद्धा त्याचा पत्ता नव्हता. मी हातातली कांडी घट्ट धरून ठेवली. रडले असते तर खोलीनं काय केलं असतं कुणास ठाऊक.

त्यानंतर मी लोभी झाले. रोज मी माझा विषय काढायचे. "तिला अंडं देत जा," ते सांगायचे. "तिचा आवाज बारीक हाय, मोट्यानं वाचाय सांग." आईशी माझ्याबद्दल ते असं बोलायचे, आणि माझ्याशी सगळ्या आयुष्यात मिळून शंभर वाक्यं बोलले असतील. वडील माझे, लेक मी, आणि माझं कौतुक ऐकायला मला माझी आई व्हावं लागत होतं.

घरी पहिल्यांदा लक्षात आलं ते सईच्या. सई माझी मुलगी, पंधरा वर्षांची. नवरा पुण्याला नोकरीला, त्यामुळे घरात आम्ही दोघीच.

"आई, तू म्यूट झालीयेस," ती जेवताना म्हणाली.

"काय?"

"आत्ता बोललीस तू. नुसते ओठ हलवलेस. कालपण केलंस. आणि मी मागून तीन हाका मारल्या तर वळली नाहीस. मी समोर येऊन हात हलवला तेव्हा वळलीस."

मी म्हटलं, दिवसभर कानात बोळे घालून त्या गोंगाटात बसते, त्याचा परिणाम. तिला पटलं नाही. मलाही नाही. शिवाय मला खोकला सुरू झाला होता, कोरडा, एका दमात तीनदा येणारा. फोटो काढला, छाती स्वच्छ. मावशी भेटायला आली होती, ती माझा खोकला ऐकून बोलता बोलता थांबली आणि लवकर निघून गेली.

मग सई केंद्रात आली. शाळा सुटल्यावर, मला न सांगता. आजोबा बोलतात म्हणे, तर तिला बघायचं होतं. डॉक्टरांनी कौतुकानं तिला खोलीच्या दारापर्यंत आणलं आणि दार उघडलं.

मी पाटावर होते. पिंजेतून मला दारात एक मुलगी दिसली, दप्तर पाठीवर, वेणी पुढे घेतलेली. खरं सांगते, आयुष्यात इतकी भीती मला वाटली नव्हती. ते पट्टे फिरताहेत, तो धोटा निसटून उडेल, ती वेणी! माझा हात उठला आणि मी तिला उडवून लावलं. मागं फिर. ती हसत एक पाऊल पुढे आली, तसं मी पुन्हा हात उडवला, दात-ओठ खाऊन.

सई रडत घरी गेली. खोलीबाहेर आल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की आत फिरणारा पट्टा एकच आहे, तो रबराचा आहे, आणि त्यात कुणाचं बोटसुद्धा अडकणार नाही. मी घाबरले होते ते भिंतींना.

त्या संध्याकाळी मी खोलीची नोंदवही उघडली. खोली काय काय बदलते त्याची ती यादी. खरं तर मी ती रोज बघायला हवी होती, पण आप्पा बोलताहेत म्हटल्यावर कोण नोंदी बघतो?

प्रत्येक गोष्टीला खोली क्रमांक देते. घटक एक, मागांचा आवाज. घटक दोन, फरशीचा थरथराट. तेलाचा वास, खळीचा वास, पिंज, घाम, असं करत चाळीसपर्यंत. चाळीस मी दिले होते. त्याखाली खोलीनं स्वतः एक घातला होता.

घटक एकेचाळीस : बसलेली स्त्री.

पुढे दोन महिन्यांच्या नोंदी होत्या. स्त्रीची मान खाली राहावी म्हणून उजेड एक हात खाली घेतला, रुग्णाचा प्रतिसाद वाढला. स्त्रीनं डोक्यावरून ओढणी घ्यावी म्हणून पाठीमागची हवा चार अंश गार केली, प्रतिसाद वाढला. स्त्रीनं आवाज वापरल्यास मागांचा आवाज चढवला. स्त्रीनं आवाज वापरणं बंद केलं. एकोणिसाव्या दिवशी स्त्री खोकली, प्रतिसाद पुष्कळ वाढला. खोकला पुन्हा यावा म्हणून तिच्या बाजूची हवा कोरडी केली. सलग तीन वेळा खोकल्यास प्रतिसाद सर्वाधिक.

मावशी का थांबली ते आता कळलं, आई अशीच खोकायची. मी खोलीला आईचा एकही फोटो दिलेला नव्हता. तिचं नावसुद्धा दिलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघून बघून खोलीनं माझी आई शोधून काढली होती आणि माझ्यावर चढवली होती, थोडी थोडी, मला कळणार नाही अशी.

सकाळी मी ती वही डॉक्टर फडतऱ्यांसमोर टाकली. त्यांनी वाचली आणि खुर्चीत मागे रेलले. वाईट माणूस नाही, पण डोळ्याची बाहुली मोठी झालेली दिसली की त्यांना दुसरं काही दिसत नाही.

"राजश्रीताई, खोलीला पंखा काय आणि माणूस काय," ते म्हणाले. "तुम्ही आत बसलात, तुम्ही संदर्भाचा भाग झालात. अहो, हे बाहेरही असंच चालतं. सासरी गेलं की माणूस वेगळं, माहेरी आलं की वेगळं. फक्त तिथं मोजत कुणी नाही."

"मला काढून टाका त्यातून."

"टाकतो. आत्ता टाकतो." त्यांनी चष्मा काढला. "पण मग आप्पा परत खुर्चीत. तुमच्या आईशिवाय ती खोली त्यांच्यासाठी नुसता गोंगाट आहे."

"मी स्वतः तिथं असले तर? मुलगी म्हणून?"

"तुम्ही त्या कारखान्यात कधी होता का?"

माझी जागा त्या खोलीत नव्हती, आणि ती खोली मीच बांधली होती. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. पण राग यायला लागला होता. म्हटलं, खूण तर आहे ना माझी? खूण आहे म्हणजे मी आहे. आज मी त्यांना दाखवीन, आणि मग विचारीन.

त्या दिवशी आत गेले, पाटावर बसले, नेहमीसारखी दहा मिनिटं कांड्या भरल्या. आप्पा मागाखाली वाकून नट पिळत होते. मग मी उठले. लगेच मागून गार झोत आला, उजेड खाली आला. मी ओढणी काढून फेकली. मागांचा आवाज चढला, इतका की छाती हादरायला लागली. मी चालत आप्पांच्या समोर गेले, उजेडात उभी राहिले, ताठ. डावा तळवा पुढे केला आणि त्यावर उजव्या बोटानं लिहिलं.

"मी," ओठांनी म्हणाले. "आप्पा, मी. राजू."

त्यांनी वर बघितलं.

त्यांनी मला ओळखलं. याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. तीन वर्षांत, कदाचित सगळ्या आयुष्यात, त्यांनी माझ्याकडे इतकं पूर्ण बघितलं नव्हतं. केस, डोळे, तळवा. एक क्षणभर ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर आलं, माझं नाव, माझं वय, सगळं. आणि मग त्यांचा चेहरा असा काही झाला की मी तो विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. भीतीनं त्यांचा जबडा वाकडा झाला.

"भाईर!"

हा आवाज होता. खरा, घशातून आलेला, मागांच्या वर चढलेला. एकोणऐंशी वर्षांच्या, अर्ध्या अंगानं गेलेल्या माणसानं मला दोन्ही हातांनी छातीवर ढकललं. मी भिंतीवर आदळले. ते माझ्यामागे आले, परत ढकलत, माझी वेणी हातात गच्च धरून, माझ्या आणि त्या रबरी पट्ट्याच्या मध्ये स्वतःचं अंग घालून. "भाईर! भाईर हो!" मग ते कोसळले.

डॉक्टरांनी सगळं बंद केलं. अचानक शांतता झाली आणि त्या शांततेत माझे वडील फरशीवर पडून मुलांसारखे रडत होते.

त्यांचा जीव वाचला. पण त्यानंतर ते विझले नाहीत, आणि हेच वाईट झालं. पूर्वी खोलीबाहेर आले की काही उरत नसे. आता भीती उरली. पलंगावर पडल्या पडल्या उजवं बोट डाव्या तळव्यावर फिरायचं, मग हात दाराकडे उडायचा. लिहिणारी, बाहेर. लिहिणारी, बाहेर. जेवण बंद झालं, झोप बंद झाली. मी जवळ गेले तर त्यांना मी दिसायचेच नाही. ते माझ्या मागे कुठे तरी मला शोधत होते.

हौसाक्का भेटायला आल्या. त्यांनी पलंगाशी उभं राहून तो हात बघितला आणि कपाळाला हात लावला.

"भागू कांडीवालीची पोर," त्या म्हणाल्या. "तू पोटात हुतीस तवाची गोष्ट. नऊ वर्साची हुती. आईला डबा द्याया आत आली आन तिची येणी पट्ट्यात गेली. तुज्या बानंच पट्टा कापून भाईर काढली तिला. मांडीवर घिऊन बसला हुता, सोडंना. ती काय वाचली न्हाई. तवापासनं त्यो दारात पोर दिसली की असा हात करायचा. सोताची आसू दे न्हाईतर दुसऱ्याची."

"मला कधी कुणी सांगितलं नाही."

"त्यानं कुणाला सांगू दिलं न्हाई. म्हनला, पोरीला भ्या वाटंल."

पस्तीस वर्षं मी त्या हाताला हाकलणं समजत होते. आई जमिनीवर पडलेली, तिचा जीव जातोय, आणि तशात तो माणूस मला पट्ट्यांपासून लांब न्यायला बाहेर आला होता. मला हे विचारायचंसुद्धा आता उरलं नव्हतं. आणि मी काय केलं होतं? त्याच्या सगळ्या आयुष्याची भीती त्याच्यासमोर नेऊन उभी केली होती, माझं नाव ऐकायला मिळावं म्हणून.

चौथ्या दिवशी डॉक्टर फडतरे म्हणाले, "नळीनं किती दिवस भरवणार? ते अजून खोलीतच आहेत. त्या क्षणातच अडकलेत. बाहेरून कुणी सांगून त्यांना ऐकू जाणार नाही."

"आतून सांगावं लागेल."

"हो. आणि..."

"मी सांगून उपयोग नाही. कळलं मला."

त्यांनी आढेवेढे घेतले. म्हणाले, घटक एकेचाळीस आपण बंद ठेवू, तुमच्या तुम्ही जमेल तेवढ्या आई व्हा. मी म्हटलं, बंद ठेवू नका. सगळं चालू करा. मला जमणार नाही ते खोलीला जमतं.

सईला मी आधी सांगून ठेवलं. तिला दोन्ही खांद्यांना धरून, मोठ्या आवाजात सांगितलं की मी परत आल्यावर वळले नाही तर पुन्हा पुन्हा हाक मार, सोडू नकोस. तिनं मान हलवली. मग मी आत गेले आणि पाटावर बसले.

माग सुरू झाले. मागून गारवा आला, मी ओढणी डोक्यावर घेतली. उजेड खाली आला, मी मान वाकवली. घसा कोरडा पडला आणि खोकला आला, तीनदा. या वेळी मी कशालाच विरोध केला नाही. पाठ आपोआप वाकली, गुडघा आईसारखा एका बाजूला पडला, आणि नाकपुडी हुळहुळायला लागली, जिला मी कधी टोचून घेतलेली नाही.

आप्पांना आणलं. थोडा वेळ ते दारापाशीच कोपरे धुंडाळत राहिले, मागांच्या खाली, पट्ट्यांच्या मागे. मग त्यांना मी दिसले. ते पाय ओढत माझ्यापर्यंत आले आणि नाकपुडीला बोट लावलं.

मी वर बघितलं.

त्यांचं बोट तळव्यावर फिरलं. "आली हुती का हितं?"

"न्हाई."

"मी बगितली. हितं हुबी हुती. लई मोटी दिसत हुती."

"भास झाला आसंल. ती साळंत हाय."

"नक्की?"

"मी सोता सोडून आले. फाटकाच्या आत गेल्याबिगर हाललेच न्हाई."

त्यांचे खांदे खाली आले. मी त्यांना इतकं सुटलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं झालं, पण ते गेले नाहीत. तिथेच उभे राहिले, पाना या हातातून त्या हातात करत. मग ओठ हलले, इतके हळू की मला वाचायला पुढे वाकावं लागलं.

"ढकललं मी तिला. लई जोरात. रागावली आसंल माज्यावर."

आता मी उठू शकले असते. मी म्हणू शकले असते, होय आप्पा, पस्तीस वर्षं रागावले होते, आणि आता नाही. त्यांच्यासमोर तोंड उघडून माझ्या आवाजात. पण जी मुलगी हे बोलली असती तिला तिथे बघून त्यांचा जीव गेला असता.

"न्हाई रागावली," मी ओठांनी म्हणाले.

"तुला काय म्हाईत?"

"मला सांगितलं तिनं."

आप्पांनी ते दोनदा वाचलं, माझ्या तोंडाकडे बघत. "काय म्हनली?"

"म्हनली, आप्पांनी केलं ते बरं केलं."

त्यांनी मान हलवली, फडक्यानं तोंड पुसलं आणि पाना घेऊन कामाला लागले.